एका दिव्याची गाडी

मागच्या शिमग्याला गावी गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी अण्णांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिही की. फक्त नाव नको घालू." तर नाव घालत नाही.

आमचं गाव पोलादपूर तालुक्यात. पुण्याहून वरंधा घाट उतरायचा, महाड, मग पोलादपूर, आणि तिथून महाबळेश्वरच्या रस्त्याने थोडं पुढे जाऊन आत वळायचं. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. 31 वर्षं. त्यातली बरीचशी महाड आगारात. आंबेनळी घाट ते किती वेळा चढले-उतरले याचा हिशोब कुणाकडेच नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला आईच्या कपाटात, पातळांच्या घडीखाली अजून जपून ठेवलाय. त्यामुळे मी गावी पोचलो की माझ्या गाडीची किल्ली आपोआप त्यांच्या हातात जाते. मी काही म्हणत नाही. रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमधे क्लच दाबून पाय दुखलेल्या माणसाला तेवढाच आराम.

त्या दिवशी पोलादपूरहून बाजार करून परत येत होतो. दिवेलागणीची वेळ. राब भाजायचे दिवस, वर डोंगरात एक-दोन वणवेही लागलेले. वारा पडला की तो सगळा धूर खाली उतरतो आणि रस्त्यावर साचून राहतो. आमच्या पुढे पेंढ्याने भरलेला एक टेम्पो रखडत चालला होता. समोरून एकच दिवा दिसत होता, बारीकसा. अण्णांनी तो पाहिला, अंदाज घेतला, इंडिकेटर दिला आणि गाडी बाहेर काढली.

आणि तो दिवा एकदम अंगावरच आला!

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. अण्णांनी ब्रेक मारला, गाडी परत टेम्पोच्या मागे घातली, आणि शेजारून एक पिकअप भर्रकन गेली. तिचा एक दिवा बंद होता. आमच्या आणि तिच्या मधे हातभर जागा असेल.

पुढच्या वळणावर अण्णांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "तू घे." माझ्या आठवणीत त्यांनी आपणहून स्टिअरिंग सोडलं ते हे पहिल्यांदाच.

घरी दोघांनीही आईला काही सांगितलं नाही. जेवणं झाल्यावर ओटीवर बसलो होतो, तेव्हा अण्णा आपणहून बोलले.

"दिवा लांब होता रे."

"लांब नव्हता अण्णा. मंद होता."

"मंद म्हणजेच लांब ना."

"मधे धूर होता."

यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग जे म्हणाले ते मी त्याच रात्री मोबाईलमधे लिहून ठेवलं. "धुरात दिवा तांबूस होतो. धुक्यात होत नाही. जुलै महिन्यात घाटात धुकं असतं तेव्हा समोरचा दिवा मंद होतो, पण रंग बदलत नाही. वणव्याच्या धुरात तो लालसर होतो. तांबूस दिवा दिसला की समजायचं, दिसतोय त्याच्यापेक्षा गाडी जवळ आहे. एवढं मला कळतं. पण आज मला तो तांबूस दिसलाच नाही. नेहमीसारखाच दिसला."

मंडळी, हे ऐकताना मी खरंच सरसावून बसलो. कारण हा अख्खा तर्क मी आधी वाचलेला होता. फक्त तिथे पिकअपच्या जागी फुटलेला तारा होता आणि वणव्याच्या जागी एक परकी दीर्घिका.

पुण्यात आल्यापासून मी दर विज्ञान दिनाला आयुकात जातो, आणि शनिवार-रविवारी अधूनमधून खगोलशास्त्राचं काहीबाही वाचत असतो. त्यामुळे थोडं सांगतो. कंटाळा आला तर खाली थेट डॉक्टरांपाशी या :-)

आकाशात अंतर मोजणं ही मूळचीच कटकट आहे. दोन दिव्यांची गाडी असली तर दोन दिव्यांमधली फट पाहून ती किती लांब आहे याचा अंदाज येतो. पण दूरच्या दीर्घिकेतला एकटा तारा म्हणजे कायम एका दिव्याची गाडी. हातात फक्त त्याचा उजेड. मग खगोलशास्त्रज्ञांनी काय केलं, तर ज्यांचे दिवे जवळपास एकाच पॉवरचे असतात अशा गाड्या शोधल्या. त्या म्हणजे 'टाइप वन-ए' सुपरनोव्हा. श्वेतबटू ताऱ्याचा अणुस्फोट होतो आणि तो कमाल किती तेजस्वी होणार हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. जो थोडा जास्त तेजस्वी असतो तो विझायलाही जास्त दिवस घेतो, त्यामुळे उरलेला फरकही दुरुस्त करता येतो. मूळ दिवा किती वॉटचा ते माहीत, दिसतो किती तेही माहीत. काढा अंतर.

पण मधे धूर असला तर? अण्णांचं जे झालं तेच होणार. मंद दिव्याला लांबचा समजून बसणार.

आता दोन उदाहरणं घेऊ, दोन्ही सप्तर्षींच्या परिसरातली. पहिला सुपरनोव्हा 2011एफई. 24 ऑगस्ट 2011 रोजी तो एम 101 या दीर्घिकेत सापडला, स्फोट झाल्यावर काही तासांतच. सापडला तो पालोमार ट्रान्झियंट फॅक्टरी या प्रकल्पात, आणि त्या प्रकल्पाचे प्रमुख होते श्रीनिवास कुलकर्णी, जन्म कुरुंदवाडचा. एम 101 सुमारे 2 कोटी 10 लाख प्रकाशवर्षं लांब. या स्फोटाच्या आणि आपल्या मधे धूळ जवळजवळ नव्हतीच. म्हणजे शोरूममधून आत्ताच काढलेला, काच पुसलेला दिवा.

दुसरा 2014जे. 21 जानेवारी 2014 ला लंडनमधे स्टीव्ह फॉसी नावाचे शिक्षक विद्यार्थ्यांना दुर्बीण कशी वापरायची ते शिकवत होते. ढग येत होते, म्हणून घाईघाईत त्यांनी एम 82 कडे दुर्बीण वळवली, तर तिथे एक नवाच तारा! एम 82 सुमारे 1 कोटी 20 लाख प्रकाशवर्षं लांब. म्हणजे पहिल्यापेक्षा जवळजवळ निम्म्या अंतरावर. तेव्हा तो जास्त झगझगीत दिसायला हवा ना? प्रत्यक्षात ऐन भरात असताना हा जवळचा दिवा त्या लांबच्या दिव्यापेक्षा मंद होता.

एम 82 आपल्याला कडेने दिसते आणि धुळीने भरलेली आहे. 2014जे त्या धुळीच्या पलीकडे फुटला होता. दोन्ही स्फोटांचे वर्णपट एकाशेजारी एक ठेवले की धुळीने काय काय खाल्लं ते सरळ वजाबाकी करून कळतं. आपण दोन फाइलींचा डिफ काढतो तसंच. उत्तर असं आलं की डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात हा सुपरनोव्हा साधारण सहापट मंदावला होता आणि निळ्या प्रकाशात जवळजवळ वीसपट. तांबड्यात त्याहून बराच कमी. म्हणजे दिवा तांबूस झाला होता. धूर होता, धुकं नव्हे. ही धूळ लक्षात न घेता अंतर काढलं असतं तर एम 82 आहे त्याच्या जवळपास अडीचपट लांब निघाली असती.

धूर आणि धुक्यातला फरक म्हणजे कणांच्या आकाराचा फरक. धुक्याचा थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठा असतो, म्हणून तो सगळे रंग सारखेच अडवतो. धुराचा कण तरंगलांबीएवढा किंवा त्याहून लहान असतो, तो निळ्याला जास्त अडवतो. हे मोजायला शास्त्रज्ञ एक साधं गुणोत्तर वापरतात. एकूण प्रकाश किती मंदावला, याला रंग किती तांबूस झाला याने भागायचं. आपल्या आकाशगंगेतल्या धुळीसाठी ते सरासरी 3.1 येतं. 2014जे च्या वाटेवरच्या धुळीसाठी आलं 1.4 च्या आसपास. निम्म्याहूनही कमी! त्याचा सरळ अर्थ, तिथले कण आपल्याकडच्यापेक्षा बारीक असावेत. काहींचं म्हणणं पडलं की स्फोटाच्या अगदी जवळ धूळ असेल आणि प्रकाश तिच्यात अनेकदा उसळून बाहेर येत असेल, तरीही असंच दिसेल. मग प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजलं गेलं. तेही निळ्या बाजूला जास्त निघालं, बारीक कणांमुळे होतं तसं. पुढे हबल दुर्बिणीला 2014जे भोवती प्रकाशाचे प्रतिध्वनीही दिसले, म्हणजे धुळीच्या पडद्यांवर आपटून उशिरा पोचलेला त्याच स्फोटाचा उजेड. त्यावरून कुठला पडदा स्फोटापासून किती लांब आहे याचा नकाशा करता आला.

विचार करा, 1 कोटी 20 लाख प्रकाशवर्षांवरची धूळ. तिथे कुणी जाणार नाही, चिमूटभर आणणारही नाही. तरी तिचा कण जाडा की बारीक यावर माणसं बोलू शकतात, ते केवळ मागे एक ओळखीचा दिवा काही आठवडे लागला म्हणून.

यात आपल्याकडचीही माणसं होती. लडाखमधे हानले इथे 2 मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे, ती बंगळूरजवळच्या होस्कोटेहून उपग्रहामार्फत चालवतात. (वर्क फ्रॉम होमचे खरे आद्य पुरुष हेच!) त्या दुर्बिणीवर मुंबईच्या टीआयएफआरने बांधलेलं अवरक्त प्रकाशाचं उपकरण 2013 मधे बसवलं होतं. 2014जे ची निरीक्षणं हानलेहूनही झाली, दृश्य प्रकाशात आणि अवरक्तातही. धूळ अवरक्ताला फार अडवत नाही, म्हणून पडद्यामागचा दिवा मुळात केवढा हे तिथून जास्त नीट कळतं. त्यांच्या निष्कर्षातही एम 82 मधली ही धूळ आपल्या आकाशगंगेतल्यासारखी वागत नाही असंच आलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला? तर यावर बरंच काही अवलंबून आहे. 1998 मधे दोन गटांनी जाहीर केलं की दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद दिसतात, म्हणजे ते अपेक्षेपेक्षा लांब आहेत, म्हणजे विश्वाचं प्रसरण वेगाने वाढतंय. 2011 चं नोबेल याच शोधाला मिळालं. तेव्हा जे प्रश्न लगेच उठले त्यातला एक अगदी माझ्या ओटीवरचा होता. लांब आहेत, की मधे काही आहे?

नेहमीची धूळ असती तर रंग तांबूस झाला असता, आणि रंग त्या गटांनी तपासला होता. पण रंग न बदलता नुसता उजेड कमी करणारी धूळ असेल तर? म्हणजे धुकं? हा प्रश्न आपल्या पुण्यातूनही विचारला गेला. जयंत नारळीकर, फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली मांडलं की सुपरनोव्हातून बाहेर पडलेली धातूंची वाफ थंड होताना लोखंडाच्या बारीक सुया तयार होतात. साधारण मिलिमीटरभर लांब, पण अतिशय बारीक. अशा सुया दीर्घिकांच्या मधल्या अवकाशात विरळ पसरलेल्या असतील तर दूरचे दिवे मंद दिसतील आणि प्रवेगाची गरजच पडणार नाही. बहुतेक शास्त्रज्ञांना हे पटलं नाही. पुढे आणखी दूरचे सुपरनोव्हा सापडले. धुकं असतं तर अंतराबरोबर ते मंदच होत जायला हवे होते, पण ते त्या हिशोबापेक्षा उजळ निघाले. शिवाय सुपरनोव्हा बाजूला ठेवून केलेली वेगळी मोजमापंही प्रवेगाकडेच बोट दाखवतात. नारळीकर सर 20 मे 2025 ला गेले. त्यांचं उत्तर टिकलं नाही असं म्हणता येईल, पण त्यांचा प्रश्न मला अजून आवडतो. सगळं जग "लांब आहे" म्हणत असताना कुणीतरी "काच पुसून बघा" म्हणायला हवं. प्रोजेक्टमधे असा एक जण असला की रिलीज रखडते, पण त्याला काढू नये.

असो. तर डॉक्टर.

अण्णांना पुण्याला आणलं. सहज आले नाहीत. "मला सगळं दिसतं" हे पालुपद चालूच होतं. तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकत आलेला. डॉक्टरांनी समजावलं की वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं, मग तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. हे इतकं हळू होतं की माणसाला पत्ताच लागत नाही.

मी तिथेच अण्णांकडे पाहिलं. तेही माझ्याकडे पाहत होते. त्या संध्याकाळी दिवा तांबूस झाला होताच. पण त्यांना गेली काही वर्षं सगळंच जरा तांबूस दिसत होतं, त्यामुळे तो "नेहमीसारखा" वाटला. मधला धूर ओळखायची त्यांची 31 वर्षांची युक्ती बरोबर होती, धूर आता डोळ्यातच होता. खगोलशास्त्रज्ञ दुसऱ्या दीर्घिकेतली धूळ मोजण्याआधी आपल्याच आकाशगंगेतली धूळ वजा करतात. ते वाचताना मला नेहमी तो नुसता कारकुनी हिशोब वाटायचा.

एक कबूल करायला हवं. खुणा मला दिसल्या होत्या. शेजाऱ्यांनी घराला निळा रंग दिला, त्याला अण्णा हिरवा म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो. काळा मोजा आणि नेव्ही ब्ल्यू मोजा अशी जोडी घालून ते एका लग्नाला आले होते. मी दोन महिन्यांतून एकदा येणार, दोन दिवस राहणार, फोनवर "बरे आहात ना" विचारणार आणि "बरा आहे" ऐकून फोन ठेवणार. लॉगमधे वॉर्निंग येत होत्या, मी त्या स्क्रोल करत पुढे जात होतो. त्या पिकअपवाल्याचं नशीब चांगलं. आमचंही.

एप्रिलमधे डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. औषधाचे थेंब, काळा चष्मा, डोकं वाकवायचं नाही, सगळं रीतसर पार पडलं आणि महिनाअखेरीला त्यांना गावी सोडायला गेलो. सकाळी उठून पाहतो तर अण्णा मागल्या दारी उभे. पावसाळ्यासाठी रचलेल्या लाकडांवर निळं प्लास्टिक टाकलेलं असतं ना, त्याच्याकडे बघत होते. एक डोळा हाताने झाकायचा, मग दुसरा. परत पहिला.

"काय बघताय?"

"हे एवढं निळं आहे?"

"असंच होतं की."

"या डोळ्याने निळं आहे. या डोळ्याने शेवाळलेलं दिसतं." परत हात बदलला. "आणि मला इतके दिवस वाटायचं, हल्ली प्लास्टिकच खराब यायला लागलंय."

त्या रात्री लाइट गेले. (पोलादपूर तालुक्यात हे वेगळं सांगायला नको.) अंगणात खाट टाकून पडलो होतो. उत्तरेला सप्तर्षी छान वर आलेले. मी त्यांना दाखवलं, शेपटाच्या टोकाला मरीची, त्याच्याजवळ तो स्वच्छ दिवा लागला होता. पुढच्या कोपऱ्यावर क्रतू, त्या बाजूला थोडं पुढे तो धुरातला. दोन्ही दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, पण जागा तरी कळते. डिफची गोष्ट सांगितली. स्वच्छ दिवा आणि मळका दिवा शेजारी ठेवायचे आणि मधे काय आहे ते ओळखायचं.

अण्णा हात डोळ्यावर ठेवून आळीपाळीने तारे बघत होते. म्हणाले, "म्हणजे त्यांना दोन दिवे लागले आणि मला दोन डोळे."

"हो."

"मग हा दुसरा राहू दे असाच. दोन्ही नवे केले तर काय गेलं होतं ते कळणार कसं?"

मी उठूनच बसलो. तर ते हसत होते.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पावसाच्या आधी उरकलं. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलंय, पण अंधार पडला की अण्णा स्वतःहून किल्ली माझ्याकडे देतात आणि शेजारी बसतात. गेल्या खेपेला असेच परतत होतो. धूर नव्हता, पाऊस भुरभुरत होता. समोरून एकच दिवा आला, बारीक, पांढरा. पुढे ट्रॅक्टर चाललेला. मी क्लचवर पाय ठेवला.

"थांब," अण्णा म्हणाले. "येऊ दे त्याला."

थांबलो. तो खरोखरच लांब होता, यायला चांगला दीड मिनिट लागला. मोटारसायकल होती. अण्णा काही बोलले नाहीत, मीही नाही. मग ट्रॅक्टरच्या मागून बाहेर काढली.